ताई बोलतोय

मी ताई बोलतोय.

ही छपाईची चूक नाही. 'बोलतेय' असं मनातल्या मनात दुरुस्त करून वाचू नका. ताई हे माझं नाव आहे आणि मी नर आहे. या दोन गोष्टी एका अंगात कशा आल्या ते पुढे सांगतो. त्यात माझा काडीचा दोष नाही, सगळा तुमच्या जातभाईंचा आहे.

मी गिनीपिग. यातलं 'पिग' ऐकून लोक आधी नाक मुरडतात आणि मला बघितल्यावर म्हणतात, "हा तर उंदीर." डुकराशी माझं काही नातं नाही. उंदराशी लांबचं आहे, पण आम्ही जाणंयेणं ठेवलेलं नाही. शेपूट नाही, मान नाही, पायही नावापुरतेच. पावाच्या लादीला केस आणि डोळे फुटले तर जे दिसेल, तो मी. वय साडेपाच. तुमच्या वर्षांत सत्तरीच्या आसपास, म्हणजे कोणाचीही टिंगल करावी आणि कोणी उलट बोलू नये, असं वय.

शिक्षण अर्धवट. पिंजऱ्यात अंथरलेल्या रद्दीवर जेवढं झालं तेवढंच. मथळे सगळे पाठ, पण बातमीचा शेवट एकदाही वाचला नाही, कारण तिथपर्यंत पोचेस्तोवर तो मीच ओला केलेला असायचा. किती निवडणुका लागल्या ते मला ठाऊक आहे, जिंकलं कोण ते नाही. तरी माझं काही अडलं नाही.

जन्म दुकानात, काचेच्या पेटीत. आम्ही जन्मतोच मुळी उघडे डोळे, अंगभर केस आणि तोंडात दात घेऊन. पहिल्या दिवशी पळतो, दुसऱ्या दिवशी गवत कुरतडतो. तुमचं बाळ वर्षभर नुसतं पडून असतं आणि त्याने कूस बदलली तरी तुम्ही घरभर फोन लावता. माझ्याबरोबर एक भाऊ जन्मला. एका काडीची दोन टोकं आम्ही दोघं दोन बाजूंनी खायला लागायचो आणि नाकाला नाक भिडलं की थांबायचो. त्या काळात एकटेपणा हा शब्द मी वाचला असता तरी मला कळला नसता.

मग एका दुपारी तिघं जण दुकानात आले. आई, बाबा आणि सात वर्षांची मुलगी. साखरेचा डबा कुठेही लपवला तरी तिला सापडायचा, म्हणून घरात तिला मुंगी म्हणत. ही मुंगी दोन वर्षं एकच हट्ट धरून बसली होती: मला ताई पाहिजे. धाकटी बहीण नको, भाऊ तर नकोच, मोठी ताई. मोठी बहीण मागाहून आणता येत नाही हे तिला समजावता समजावता आईबाबा थकले आणि शेवटी प्राण्यांच्या दुकानात आले.

"नर आहे की मादी?" आईने विचारलं.

दुकानदाराने मला उचलून उलटं केलं. चष्मा त्याच्या कपाळावर होता. कपाळाला जेवढं दिसलं तेवढं बघून तो म्हणाला, "मादी. पण साहेब, हे एकटं राहत नाही हं. कळपातला जीव आहे. जोडीच न्या."

बाबा हसले. बाबा दुकानांच्या पाट्या रंगवतात. 'सेलचे शेवटचे चार दिवस' ही एकच पाटी त्यांनी एकाच दुकानासाठी सात वर्षं रंगवली आहे. असल्या माणसाचा दुकानदाराच्या शब्दावर विश्वास बसणार कसा?

"जोडी न्यायला या काय चपला आहेत?" बाबा म्हणाले. "एकच द्या."

दुकानदार त्या दिवशी खरं बोलत होता. आयुष्यात बहुधा एकदाच, आणि नेमकं तेव्हाच कोणी ऐकलं नाही.

"तुमची मर्जी," असं म्हणून त्याने मला खोक्यात ठेवलं आणि खोकं आईच्या हातात दिलं. गिऱ्हाईक बाई असली की तिला ताई म्हणायची त्याची सवय. तो म्हणाला, "ताई, घरी न्या. जीव लावा."

मुंगीने स्वल्पविराम काही ऐकला नाही. तिला ऐकू आलं ते एवढंच: ताई घरी न्या.

"हिचं नाव ताई आहे?" तिने डोळे विस्फारून विचारलं.

कोणी नाही म्हणालं नाही. पेटीत भाऊ राहिला, खोक्यात मी आलो, आणि एका स्वल्पविरामापायी मी कोणाचीतरी थोरली बहीण झालो.

"ताई मोठी असते ना? ही तर एवढीशी आहे," बाबांनी तिला रिक्षात चिडवलं.

"होईल मोठी," मुंगी म्हणाली. "तुम्ही घाई करू नका."

घरी माझी व्यवस्था राजेशाही, म्हणजे बघणाऱ्याला सुंदर आणि राहणाऱ्याला त्रास. पिंजरा उंच, दोन मजली. मला चढता येत नाही. खाली तारेची जाळी, त्यावर उभं राहून आठवड्यात माझे तळवे सोलून निघाले. आईने ते पाहिलं आणि निम्म्यात रद्दी, निम्म्यात जुना टॉवेल अंथरला, म्हणून पाय वाचले. एक चाकही होतं. मी त्यात पळावं अशी सगळ्यांची इच्छा. मी चाकात बसून टॉवेल चावायचो. बाबा म्हणायचे, "आळशी आहे." अहो, चाक दुसऱ्याचं. चाकात पळतात ते उंदीर वेगळे, आम्हाला पळायला मोकळी जमीन लागते. कोणी विचारलं तर ना.

गाजरं मात्र रोज. कुठल्या चित्रात पाहिलं देव जाणे. आम्हाला चोवीस तास लागतं ते वाळलेलं गवत, कारण आमचे दात जन्मभर वाढत राहतात आणि गवतावरच झिजतात. आणि लागते ढोबळी मिरची. त्यातलं जे जीवनसत्त्व तुमचं शरीर बनवू शकत नाही, ते आमचंही बनवू शकत नाही. बघा, नातं निघालंच.

मी गप्प बसणाऱ्यातला नव्हतो. फ्रीज उघडला की मी शिट्टी घालायचो. पिशवी वाजली की शिट्टी. पुढे मला त्याहून मोठा खेळ सापडला. आई कुकर लावायची आणि बाबांना सांगून आंघोळीला जायची, "अहो, चार शिट्ट्या झाल्या की गॅस बंद करा." बाबा पाटीचा मजकूर कागदावर आखत बसलेले. कुकरने एक दिली की मी एक द्यायचो. कुकरच्या दोन, माझ्या दोन, बाबा उठून गॅस बंद करायचे. जेवताना बटाटे कचाकचा वाजायचे.

"कुकरची रिंग गेली वाटतं," आई म्हणायची. रिंग दोनदा बदलली, एकदा नवा कुकरच आणला. सहा महिन्यांनी मुंगीने मला रंगेहाथ पकडलं आणि सगळं घर हसून लोळलं. त्यानंतर आई बोटांवर मोजून बजावायची, "चार. ताईच्या सोडून चार." बाबांना तरीही फरक कळायचा नाही. कच्चे बटाटे आमच्या घरी वर्षानुवर्षं चालू राहिले.

आता तुम्ही म्हणाल, एवढी मजा होती तर रडतोस कशाला. सांगतो.

मजा सकाळी आठ ते नऊ. नऊ वाजता मुंगी शाळेत, बाबा कुठल्यातरी दुकानाच्या शिडीवर, आई दातांच्या कारखान्यात. आई लोकांच्या कवळ्या बनवते. दार ओढलं जायचं, किल्ली दोनदा फिरायची, आणि मग सहा वाजेपर्यंत मी आणि फ्रीज. फ्रीज मधूनमधून गुरगुरायचा. मीही गुरगुरून उत्तर द्यायचो. आमच्यात गुरगुरण्याला अर्थ असतो, तो मात्र मध्येच गप्प व्हायचा, वाक्य अर्धवट टाकून. पाण्याच्या बाटलीशी बोलून पाहिलं. ती थेंब द्यायची, शब्द नाही. आईची एक केसाळ चप्पल होती, तपकिरी. ती दिसली की मी तिच्याभोवती कंबर हलवत, गुरगुरत फेऱ्या मारायचो. घरचे टाळ्या पिटायचे, "ताई नाचते, ताई नाचते." चप्पल काही हलायची नाही. मी तरी पाच वर्षं आशा सोडली नाही.

कळपातल्या जिवाला एकटं ठेवलं की काय होतं, ते सांगू? तो ऐकत राहतो. कुठूनतरी कोणीतरी आपल्यासारखं उत्तर देईल म्हणून दिवसभर कान टवकारून बसतो. तुम्हाला वाटतं, किती शांत आहे बिचारं.

संध्याकाळी मुंगी यायची. दप्तर टाकून पिंजऱ्यापाशी पालथी पडायची आणि सगळं सांगायची. बाई काय म्हणाल्या, कोणी कोणाचा डबा सांडला. मला त्यातलं निम्मं कळायचं, पण आवाज माझ्यासाठी असायचा. बारावं लागलं तशी ती हळू बोलायला लागली. एकदा म्हणाली, "ताई, माझ्या बाकावरची मैत्रीण दुसरीकडे बसायला गेली. मधल्या सुट्टीत मी नळापाशी उभं राहून डबा खाते. म्हणजे कोणाला वाटलं तर वाटावं की मी हात धुवायला आलेय. आईला सांगू नकोस."

मी कोणाला सांगणार? मी तिच्या बोटाला नाक लावलं.

त्या वर्षी माझा आवाज बसत गेला. दुखत नव्हतं सुरुवातीला. नुसतं ओरडावंसं वाटेनासं झालं. शिट्टी घालायची कोणासाठी? गवतही चावावंसं वाटेना. मी कोपऱ्यात पाठ करून बसायला लागलो.

एका रविवारी जेवताना बाबा म्हणाले, "आज बटाटे मस्त शिजलेत."

आईचा घास हातातच राहिला. "कालही शिजले होते," ती म्हणाली. "परवाही." आणि उठून थेट माझ्यापाशी आली. "अगं मुंगे, ताई ओरडली कधी शेवटची?"

कोणालाच आठवेना. वाटीतली मिरची कालपासून तशीच होती.

तासाभरात मी प्राण्यांच्या डॉक्टरीणबाईंच्या टेबलावर. त्यांनी वजन केलं, पोट दाबलं, तोंडात छोटा दिवा घातला. "लगेच आणलंत ते बरं केलंत. यांनी एक दिवस खाल्लं नाही तरी जिवावर बेततं."

आई वाकून बघत होती. "मागच्या दाढा वाढून जिभेवर आल्यात ना?"

"तुम्हाला कसं कळलं?"

"मी कवळ्या बनवते," आई म्हणाली. "बाहेरच्यांच्या दातांकडे बघते रोज. घरच्यांचे बघितले नाहीत."

"गवत कमी खातो, म्हणून वाढतात."

"खाते," मुंगीने दुरुस्ती केली.

"खातो," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "नर आहे हा."

मग बाबा म्हणाले, "जरा नीट बघता का?"

"पाच वर्षं तुम्ही नीट बघितलं नाहीत, आणि मी नीट बघू?"

बाबा विचारात पडले. "म्हणजे ती चप्पल..."

"तुम्ही गप्प बसा," आई म्हणाली.

डॉक्टरीणबाईंनी दाढा घासायची तयारी करता करता विचारलं, "जोडीला कोण आहे याच्या?"

"कोणी नाही."

"पाच वर्षं एकटा?"

"एकटा कुठे? आम्ही तिघं आहोत की."

"घरातून निघता किती वाजता?"

"नऊ."

"आणि येता?"

"सहा," बाबा म्हणाले आणि स्वतःच खाली बघायला लागले. दुकानदाराचं बोलणं त्यांना बहुधा तेव्हा आठवलं. मी त्यांना चिडवलं असतं, पण माझ्या तोंडात अवजार होतं.

दाढा बऱ्या झाल्या. बिघडलं ते वेगळंच. त्या दिवसापासून मुंगी माझ्याशी बोलेना. गवत घालायची, पाणी बदलायची आणि उठून जायची.

"काय झालं गं?" आईने विचारलं.

"त्याला माझं सगळं माहितेय."

"अगं, गिनीपिग आहे तो."

"तरी पण मुलगा आहे."

हसू नका. मी पण आधी हसलो. मग सहा वाजायचे, दार उघडायचं, दप्तर पडल्याचा आवाज व्हायचा, आणि पावलं पिंजऱ्यापाशी न थांबता पुढे जायची. तेव्हा हसू आटलं. ताई म्हणून जी थोडी सोबत होती, तीही गेली. आता सहानंतरही सकाळचे नऊच वाजलेले असायचे.

पुढच्या रविवारी तिघं बटाटे सोलत बसले आणि माझा खटला चालला.

"दुसरा आणू या याला," आई म्हणाली.

"आणू," बाबा म्हणाले, "पण हिशोब बघ. हा साडेपाचाचा. दोन वर्षांत गेला की दुसरा एकटा. मग त्याला तिसरा. तो एकटा पडला की चौथा. हे कुठे थांबणार?"

"मग काय याला एकट्यालाच संपू द्यायचं?"

"तसं म्हटलं का मी?" बाबांनी साल टाकलं. "डॉक्टरीणबाईंनी एक पत्ता दिलाय. एका पोस्टमास्तरीणबाईंचा, निवृत्त झालेल्या. तीन नर आहेत त्यांच्याकडे, एक अख्खी खोली दिलीय त्यांना. त्या ठेवून घ्यायला तयार आहेत."

"म्हणजे देऊन टाकायचं?" आईने मुंगीकडे बघितलं. "तुझं काय म्हणणं? ताई तुझी आहे."

मुंगी बराच वेळ एकच बटाटा सोलत राहिली. सालासकट निम्मा बटाटा गेला.

"देऊ या," ती म्हणाली. "एकटं बसून खायला कसं वाटतं ते मला माहितेय."

"तुला कसं माहीत?" आईने सहज विचारलं.

तेव्हा मुंगीने नळाचं सांगितलं. सगळं. मला सांगितलं होतं त्याहून जास्त. आईने सुरी खाली ठेवली. बाबा काहीतरी गमतीचं बोलायला गेले आणि त्यांना काही सुचलं नाही. पाच वर्षांत मी पहिल्यांदाच पाहिलं ते.

मला सोडायला ती स्वतः आली. खोकं मांडीवर घेऊन बसली होती. पोचायच्या जरा आधी झाकण किलकिलं करून म्हणाली, "तू मुलगा आहेस तर असू दे. तुला ताईच म्हणणार मी." एवढंच. मग झाकण लावलं.

पोस्टमास्तरीणबाईंनी पंधरा दिवस मला वेगळं ठेवलं, कुठला आजार घेऊन आलोय का बघायला. मग आठवडाभर जाळीआडून ओळख. मग एकदाची जाळी काढली. जमिनीवर गवतच गवत, लाकडी घरं, प्रत्येकाला दोन दारं. मोठ्या दोघांची नावं पार्सल आणि पाकीट. सगळ्यात धाकटा तिकीट.

मी पुढे झालो. साडेपाच वर्षांत साठलेलं सगळं एका दमात बोलून टाकावं म्हणून छाती भरून घेतली आणि बोललो.

तिघं माझ्याकडे बघतच राहिले.

मी शिट्टी घातली होती. आमच्यात शिट्टी माणसांना बोलवायला घालतात. आपापसात ती कोणी वापरत नाही. आपापसात बोलायचे आवाज वेगळे, बारीक, पोटातले. ते मी भावाबरोबर सोडून आलो होतो. मला येत होती ती फ्रीजची आणि कुकरची भाषा. पार्सल पाकिटाला काहीतरी म्हणाला आणि दोघं पाठ फिरवून गेले. जन्मभर ज्यांची वाट पाहिली, त्यांच्यात बसून मी परका. टिंगल करायचं माझं वय, आणि टिंगल झाली माझी.

महिनाभर असंच गेलं. मी कडेला खायचो, ते मधोमध. त्यांची कुजबुज ऐकत बसायचो आणि एकेक आवाज मनात घोकायचो. पुन्हा शाळा, आणि या खेपेला वाचायला रद्दीही नाही.

धाकट्या तिकिटाला ते दोघं दांडगाई करून घराबाहेर हुसकवायचे. परवा दुपारी असाच हुसकावल्यावर तो इकडेतिकडे फिरला आणि माझ्या घराच्या दारात येऊन थांबला. मी काही बोललो नाही. चुकीचं काही निघेल म्हणून भ्यालो. तो आत आला, गोल फिरला, माझ्या कुशीला पाठ टेकली आणि झोपला. त्याचा श्वास माझ्या बरगड्यांवर लागत होता. माझा पाय आखडलेला होता, तो तसाच ठेवला.

नेमकी तेव्हाच मुंगी आली. पहिल्यांदाच. एकटीच. आमच्या कुंपणाच्या फळीपलीकडे गुडघ्यांवर बसली आणि हळूच म्हणाली, "ताई."

तिला काहीतरी सांगायचं होतं. आवाजावरून मला कळतं.

तिला मी दारातून दिसत होतो. आम्ही उघड्या डोळ्यांनी झोपतो आणि उघड्या डोळ्यांनी जागे असतो, बघणाऱ्याला फरक कळत नाही. ती माझ्या डोळ्यांत बघत होती आणि मी तिच्या. तिने पुन्हा हाक मारली. मी हललो नाही.

"उठवू का त्याला?" पोस्टमास्तरीणबाईंनी विचारलं.

"नको," मुंगी म्हणाली. "विसरली मला." गुडघे झटकून उठली. काय सांगायला आली होती ते सांगितलंच नाही.

तुम्ही घरात गिनीपिग आणाल, तर एकच आणू नका. दुकानदार खोटं बोलत असेल, तरी या एका गोष्टीत त्याचं ऐका. आणि मादी की नर ते बघताना चष्मा डोळ्यांवर घ्यायला सांगा. माझी एवढी विनंती पुरे.

दुसरं एक काम आहे. ते तुमच्याने झालं तर बघा. बारा वर्षांची एक मुलगी आहे, मधल्या सुट्टीत शाळेच्या नळापाशी उभी असते. तिला सांगा, ताई विसरली नाही. उठता आलं नाही तिला. कोणीतरी टेकून झोपलं होतं.